जुनी मॉडेल रेल्वे ऑनलाइन लिलावातून घेताना

मॉडेल रेल्वेच्या छंदात वापरलेल्या मालाला कमी लेखण्याचे काही कारण नाही. नीट जपलेले इंजिन कित्येक दशकांनंतरही थोडी सफाई आणि तेलाचा एखादा थेंब मिळताच चालू लागते, आणि ज्या मॉडेलांचे उत्पादन केव्हाच थांबले ती लिलावाखेरीज सहसा हाती लागतच नाहीत. अडचण वेगळीच आहे. लिलावात वस्तू ठेवणारा माणूस पुष्कळदा या छंदातला नसतो. घर आवरताना निघालेली पेटी तो विकत असतो आणि तिच्यात नेमके काय आहे हे त्यालाही ठाऊक नसते. त्यामुळे ‘ही गाडी माझ्या रुळांवर धावेल का’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम पूर्णपणे घेणाऱ्याकडे येते. बोली लावणे हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे. नवशिक्याचे पैसे चढ्या बोलीमुळे बुडतात त्यापेक्षा आपल्या मांडणीला न जुळणारी वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून घेतल्यामुळे अधिक बुडतात, आणि म्हणूनच या लेखाचा मोठा भाग बोलीच्या आधीच्या तयारीला दिला आहे.

प्रमाण आणि रूळ

पहिला निर्णय प्रमाणाचा. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराचे मॉडेल, आणि ते १६.५ मिमी अंतराच्या रुळांवर चालते. एन प्रमाणाचे रूळ ९ मिमी अंतराचे, टीटीचे १२ मिमी, तर जर्मन कंपनी मेर्कलिनने १९७२ मध्ये आणलेल्या झेड प्रमाणाचे अवघे ६.५ मिमी. बागेत मांडल्या जाणाऱ्या मोठ्या गाड्या ४५ मिमीच्या रुळांवर चालतात. ही सगळी माहिती कोणत्याही सूचिपत्रात मिळते. गोंधळ सुरू होतो तो रूळ सारखे आणि प्रमाण निराळे असते तेव्हा. ब्रिटनमधली ओओ मॉडेले १:७६ प्रमाणाची असूनही एचओच्याच १६.५ मिमी रुळांवर चालतात, आणि जपानमधली अनेक मॉडेले १:८० प्रमाणाची असूनही त्याच रुळांवर धावतात. एन प्रमाणातही युरोप व अमेरिकेतली मॉडेले १:१६०, ब्रिटनमधली १:१४८ आणि जपानमधली बहुतेक १:१५० असतात. रूळ मात्र सर्वत्र ९ मिमीच. ओ प्रमाणाचे तर तीन देशी तीन प्रकार आहेत: अमेरिकेत १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५ आणि युरोपच्या बऱ्याच भागात १:४५.

याचा व्यावहारिक अर्थ असा की वर्णनात ‘१६.५ मिमी’ एवढेच लिहिले असेल तर त्यावर विसंबू नये. ओओ इंजिनामागे एचओ डबे जोडले तर गाडी धावेल, पण इंजिन डब्यांच्या मानाने साधारण १४ टक्क्यांनी मोठे असल्यामुळे ती विजोड दिसेल. एखाद्याला तेही चालते आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो निर्णय माल हाती येण्याआधी झालेला असावा. विक्रेत्याला प्रमाण माहीत नसेल तर रुळांतले किंवा चाकांमधले अंतर पट्टीने मोजून त्याचा फोटो पाठवण्याची विनंती करावी. शोध घेताना एचओ हा शब्द रोमन अक्षर ओ वापरून आणि शून्याचा आकडा वापरून अशा दोन्ही तऱ्हांनी टाइप करावा, कारण जर्मन विक्रेते बहुधा शून्य लिहितात आणि एकाच तऱ्हेने शोधणाऱ्याला अर्धा बाजार दिसतच नाही.

नवशिक्याने एचओ, एन किंवा ब्रिटिश गाड्यांची आवड असल्यास ओओ यांपैकीच एक निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे. या प्रमाणांत जुना माल भरपूर येतो, त्यामुळे एखादी वस्तू हातची गेली तरी तशीच दुसरी मिळण्याची शक्यता राहते, आणि लिलावात शांत डोक्याने वागायचे तर ही शक्यता फार मोलाची आहे.

विजेची पद्धत

प्रमाण जुळले तरी काम संपत नाही. वीज जुळावी लागते. बहुतेक एचओ, ओओ आणि एन गाड्या दोन रुळांतून मिळणाऱ्या, साधारण १२ व्होल्टपर्यंतच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेवर चालतात. मेर्कलिनची एचओ मात्र तीन वाहकांची आणि पारंपरिकरीत्या एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या, विजेवर चालणारी आहे: दोन्ही रूळ एका बाजूचे, आणि मधोमध असलेल्या बारीक टोकांची रांग दुसऱ्या बाजूची. त्या टोकांवरून सरकणारी लांबट धातूची पट्टी इंजिनाच्या पोटाखाली असते, म्हणून पोटाखालचा एक फोटो पाहिला की ओळख पटते. या गाड्यांची डावी-उजवी चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग केलेली नसल्यामुळे असा डबा किंवा इंजिन साध्या दोन रुळी मांडणीवर ठेवताच शॉर्टसर्किट होते. उलट साधे डीसी इंजिन एसी विजेवर ठेवले तर त्याची मोटर जळू शकते. जुन्या मेर्कलिन ट्रान्सफॉर्मरमधून दिशा बदलण्यासाठी सुमारे २४ व्होल्टचा झटका दिला जातो, तोही अशा इंजिनाला मानवणारा नसतो.

इथे ब्रँडचे नाव पाहून निर्धास्त होऊ नये. रोको, फ्लाइशमान, पीको या कंपन्या एकच इंजिन दोन रुळी डीसी आणि मेर्कलिनच्या तीन वाहकी पद्धतीसाठी अशा दोन रूपांत विकत आल्या आहेत. बाहेरून दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात, फरक असतो तो खोक्यावरच्या क्रमांकात आणि पोटाखालच्या पट्टीत. ट्रिक्स एक्सप्रेस हीसुद्धा एक वेगळीच तीन रुळी पद्धत होती. ब्रिटनची हॉर्नबी डब्लो १९५९ मध्ये दोन रुळी माल येईपर्यंत तीन रुळीच होती, आणि अमेरिकन कंपनी लायोनेलच्या ओ प्रमाणाच्या जुन्या गाड्याही तीन रुळी एसीवर चालतात. या पद्धती वाईट नाहीत. मेर्कलिनचे जुने इंजिन तर टिकाऊपणात सहसा हार जात नाही. पण एक पद्धत निवडली की तिच्यातच राहावे, कारण दोन पद्धतींचा माल एकत्र आला की दोन मांडण्या उभाराव्या लागतात.

डिजिटल मालाच्या बाबतीत वर्णन शब्दशः वाचावे. डीसीसी ही रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे आदेश पाठवणारी डिजिटल पद्धत, आणि डीकोडर म्हणजे ते आदेश वाचणारा इंजिनातला छोटा भाग. ‘डीसीसी रेडी’ म्हणजे डीकोडर बसवण्यासाठी खाच तयार आहे, डीकोडर बसवलेला आहे असे नव्हे. ती खाच ६, ८, १८, २१ किंवा २२ पिनांची असू शकते आणि डीकोडर त्याच जातीचा घ्यावा लागतो. ‘डिजिटल’ एवढाच शब्द असेल तर तोही पुरेसा नाही, कारण १९८० च्या दशकातले मेर्कलिन डिजिटल डीकोडर मोटोरोला संकेतप्रणालीवर चालतात आणि निव्वळ डीसीसी ओळखणारा कंट्रोलर त्यांच्याशी बोलू शकत नाही. पूर्वीच्या मालकाने इंजिनाचा पत्ता, म्हणजे त्याला आदेश देण्याचा क्रमांक, बदललेला असणेही नित्याचे आहे. नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो, तो लागला नाही तर विक्रेत्याला विचारावे, आणि त्यालाही सांगता आले नाही तर डीकोडर मूळ स्थितीवर आणावा. पुष्कळ डीकोडरांत सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांकित सेटिंग) ८ ही संख्या लिहिली की हे होते. खाच नसलेल्या जुन्या इंजिनात डीकोडर बसवायचा तर मोटर सांगाड्यापासून विद्युतदृष्ट्या अलग करून तारा डाखाव्या लागतात, आणि हे काम पहिल्याच खरेदीत अंगावर घेऊ नये.

जुन्या संचासोबत ट्रान्सफॉर्मर आला तर त्याची किंमत शून्य धरावी. त्याची वायर कडक होऊन तडकलेली असू शकते, आणि परदेशातून आलेला असेल तर तो १२० व्होल्टच्या वीजपुरवठ्यासाठी बनलेला आहे की २३० च्या हेही पाहावे लागते. रुळांकडे जाणारी वीज धोकादायक नसते, पण ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडलेली असते. नवा कंट्रोलर घेणे हाच इथला योग्य खर्च आहे.

कपलर, वळणे, रूळ

डबे एकमेकांना जोडणारे कपलर देशागणिक आणि काळागणिक बदलत गेले. जिथे कपलर प्रमाणित खाचेत बसवलेला असतो तिथे तो चिमटीने काढून बदलता येतो. जिथे तो बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीला, रिव्हेटने ठोकलेला असतो तिथे बदल करणे कटकटीचे होते. वर्णनात कपलरचा उल्लेख नसेल तर दोन्ही टोकांचे जवळचे फोटो मागावेत. लांब इंजिने आणि लांब प्रवासी डबे अरुंद वळणांवर अडतात, म्हणून आपल्या वळणाची त्रिज्या ठाऊक असणे आवश्यक आहे. ब्रिटिश कंपनी हॉर्नबीचे पहिले वळण ३७१ मिमी त्रिज्येचे आणि दुसरे ४३८ मिमीचे आहे, आणि अनेक मोठ्या इंजिनांना किमान दुसरे लागते.

जुने रूळ सहसा घेऊ नयेत. पितळेचे रूळ काळे पडतात आणि वीज नीट पुढे नेत नाहीत, पोलादाचे गंजतात. निकेल सिल्व्हरचे, म्हणजे रुपेरी दिसणारे रूळ सरळ असतील आणि सांधे तुटलेले नसतील तरच त्यांचा विचार करावा. रुळाच्या उंचीचा ‘कोड’ही पाहावा लागतो: कोड १०० म्हणजे ०.१०० इंच उंचीचा रूळ, कोड ७५ म्हणजे ०.०७५ इंचाचा. जुन्या मॉडेलांच्या चाकांची कड खोल असते आणि कमी उंचीच्या रुळांवर ती स्लीपरांना (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांना) घासत, धडधडत जाते. जुने इंजिन घ्यायचे असेल तर कोड १०० वर ते निमूटपणे चालते.

वर्णनातले शब्द

लिलावाच्या भाषेला स्वतःचे अर्थ आहेत. ‘चाचणी केलेली नाही’ या शब्दांचा अर्थ खरेदीदाराने ‘चालत नाही’ असाच घ्यावा आणि बोली त्या हिशेबाने लावावी. विक्रेता खोटे बोलतो असे नव्हे. त्याच्याकडे कंट्रोलर नसतो हे पुष्कळदा खरेच असते. मात्र साध्या डीसी इंजिनाची चाचणी घ्यायला ९ व्होल्टची बॅटरी आणि वायरचे दोन तुकडे पुरतात: दोन्ही बाजूंच्या चाकांना वायरी टेकवल्या की मोटर फिरते की नाही ते कळते. हे नम्रपणे लिहून कळवले तर अनेक विक्रेते चाचणी करून पाहतात. विनंतीला उत्तरच आले नाही तर तीही उपयुक्त माहिती समजावी.

‘सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी’ अशा गटात टाकलेली वस्तू घेतल्यावर ती चालत नाही अशी तक्रार करायला जागा राहत नाही. ‘फक्त खोके’ हे दोन शब्द फार बारकाईने शोधावेत. संग्राहक रिकामी मूळ खोकी खरेदी करतात, त्यामुळे देखण्या फोटोखाली खरोखर रिकामे खोके विकले जात असते. ‘दुर्मीळ’ या शब्दाला काहीच वजन देऊ नये. अमेरिकन विक्रेते पुष्कळदा ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनच्या श्रेणी वापरतात, ज्यांत सी-१० म्हणजे अगदी कोरी वस्तू आणि अंक जसजसा उतरतो तसतशी अवस्था खालावत जाते. ही श्रेणी विक्रेत्याने स्वतःच ठरवलेली असते आणि ती मुख्यतः दिसण्याविषयी असते, चालण्याविषयी नव्हे, हे विसरू नये. पहिल्या खरेदीसाठी ‘दोन्ही दिशांना चालवून पाहिले, दिवे लागतात’ असे साधे वाक्य सी-९ पेक्षा अधिक मोलाचे आहे, आणि सोबत धावत्या गाडीची चित्रफीत असेल तर तिला मी सर्वांत वरचे स्थान देईन.

फोटो कसे पाहावेत

फोटो मोठा करून इंजिनाच्या वरून नव्हे तर खालून पाहायला सुरुवात करावी. चाकांच्या धावत्या पृष्ठभागावरचा मुलामा झिजून आतला पिवळसर धातू दिसत असेल तर इंजिन पुष्कळ चालले आहे. काळपट थर केवळ मळ असतो आणि तो निघतो. काही चाकांवर पकड वाढवण्यासाठी रबरी पट्टा असतो. तो वाळून तडकतो किंवा निसटतो, आणि मग त्या जागी चाकात रिकामी खोबण दिसते. हा दोष किरकोळ आहे, कारण बदली पट्टे स्वस्त असतात. वाफेच्या इंजिनात चाकांना जोडणारे दांडे दोन्ही बाजूंना शाबूत आहेत का, एखादा वाकला आहे का, स्क्रू जागेवर आहेत का हे निरखावे. पायऱ्या, हातदांड्या, बफर, शिट्ट्या आणि विजेच्या इंजिनावरचा पेंटोग्राफ (वरच्या तारेला टेकणारी छपरावरची चौकट) हे भाग सर्वांत आधी तुटतात. विक्रेत्याने फक्त एकाच बाजूचे फोटो दिले असतील तर दुसऱ्या बाजूला काहीतरी गेले आहे असे गृहीत धरून ते मागावेत.

सर्वांत गंभीर दोष धातूतला असतो. सांगाड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी अशुद्धी राहून गेली तर काही वर्षांनी तो आतून फुगतो, वाकतो, त्याला चिरा जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मॉडेलांत हे अधिक आढळते, पण या शतकाच्या आरंभी निघालेली काही मॉडेलेही त्यातून सुटलेली नाहीत, म्हणून ‘फार जुने नाही’ हे उत्तर पुरत नाही. यावर इलाज नाही. सांगाडा बदलणे एवढाच मार्ग उरतो आणि तो मिळेलच असे नाही. फोटोत इंजिनाची पाठ किंवा पोट किंचित कमानीसारखे वाकलेले दिसते, वरचे कवच खालच्या सांगाड्यावर नीट बसत नाही, टोकाकडचा भाग बाहेर ढकलला गेल्यासारखा वाटतो, किंवा धातूवर फोड व कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसतात. यांपैकी एकही खूण दिसली तर ती वस्तू सोडून द्यावी, मग किंमत कितीही कमी असो.

प्लॅस्टिकच्या दातेरी चक्रांचा दोष फोटोत दिसत नाही. काही मालिकांत, उदाहरणार्थ प्रोटो २००० च्या इंजिनांत, आसावर दाबून बसवलेल्या चक्राला कालांतराने चीर पडते. मग मोटर फिरते पण गाडी जागच्या जागी अडखळते, किंवा ठरावीक अंतराने टकटक आवाज येतो. चित्रफीत मागण्याचे हे आणखी एक कारण. बदली चक्रे मिळतात, त्यामुळे कमी किमतीत घेऊन दुरुस्ती शिकण्यासाठी अशी इंजिने वाईट नाहीत. पण ती दुसरी किंवा तिसरी खरेदी असावी.

रंगाकडेही लक्ष असावे. खिडक्यांच्या कडांना धुरकट पांढरा थर दिसला तर तिथे झटपट चिकटणारा गोंद वापरला गेला आहे. अक्षरांच्या कडा फाटक्या किंवा जाडसर दिसल्या तर गाडी पुन्हा रंगवलेली असू शकते. धावण्यासाठी घेणाऱ्याला याचे वावडे नसावे, मात्र संग्राहकांच्या दराने रंगवलेली वस्तू कुणी गळ्यात मारू नये. लायोनेलने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून काढलेला गुलाबी इंजिनाचा संच त्या वेळी खपला नाही आणि त्यामुळेच पुढे महाग झाला. साहजिकच साध्या गाड्या रंगवून तयार केलेली त्याची बनावट रूपेही बाजारात आली. अशा प्रसिद्ध वस्तूंच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. खोक्याच्या बाजूवरचा क्रमांक आणि इंजिनावर रंगवलेला क्रमांक सूचिपत्राशी ताडून पाहिले की खोके दुसऱ्याच गाडीचे आहे का तेही कळते. जुन्या खोक्यातला स्पंज हाही एक शत्रू आहे: तो कालांतराने चिकट होऊन रंगाला धरतो, विशेषतः पितळी मॉडेलांच्या बाबतीत.

एकेक वस्तू की पेटीभर माल

‘वीस डबे, सहा इंजिने, भरपूर रूळ’ अशा ढिगाऱ्याचा मोह मोठा असतो. त्याची किंमत ठरवताना फोटोत स्पष्ट ओळखता येणाऱ्या आणि आपल्याला खरोखर हव्या असलेल्या वस्तूंचाच हिशेब करावा, उरलेल्या सगळ्याची किंमत शून्य धरावी आणि पार्सलाचे वजन लक्षात घ्यावे. या हिशेबातही तो परवडला तर खुशाल घ्यावा. एकाच घरातून आलेला, एकाच प्रमाणाचा आणि एकाच पद्धतीचा संग्रह असेल तर तो पुष्कळदा सुट्या वस्तूंपेक्षा चांगला ठरतो, कारण पूर्वीच्या मालकाने त्या वस्तू एकमेकींशी जुळवून घेतलेल्या असतात. तीन प्रमाणांचे मिश्रण असलेली पेटी मात्र बहुधा कुणीतरी आधीच चाळून चांगला माल काढून घेतलेली असते.

किंमत ठरवणे

वस्तूची किंमत विक्रेते मागतात त्यावरून कळत नाही, ती लोकांनी प्रत्यक्ष मोजलेल्या पैशांवरून कळते. ईबेसारख्या संकेतस्थळावर ‘विकले गेलेले’ अशी गाळणी लावून शोध घेता येतो. सूचिपत्रातला क्रमांक टाकून गेल्या काही महिन्यांत तीच वस्तू कितीला गेली, खोक्यासह किती आणि खोक्याविना किती, चालणारी किती आणि न चालणारी किती, हे वहीत लिहून ठेवावे. काही आठवडे केवळ पाहत राहण्याचा कंटाळा करू नये. वस्तू ‘लक्ष ठेवा’ यादीत टाकून तिचा शेवटचा आकडा नोंदवत गेल्याने बाजाराची जी समज येते ती कोणत्याही दरपुस्तकातून येत नाही.

त्या आकड्यातून इतर खर्च वजा करावे लागतात. टपालखर्च वर्णनात खाली कुठेतरी लिहिलेला असतो, आणि जड धातूच्या इंजिनाला तो चांगलाच बसतो. परदेशातून येणाऱ्या मालावर सीमाशुल्क आणि आयातीवरचा कर लागू शकतो, आणि कर गोळा करणारी कुरिअर कंपनी आपले हाताळणीशुल्क वेगळे लावते. पारंपरिक लिलावगृहे आता ऑनलाइन बोलीही घेतात, पण तिथे हातोडा पडलेल्या किमतीवर खरेदीदाराकडून कमिशन घेतले जाते. ते २० टक्क्यांहून अधिक असणे सामान्य आहे आणि त्यावर पुन्हा कर लागतो. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन वस्तू घेतल्या तर एकत्र पाठवणार का हे बोलीच्या आधी विचारावे.

विक्रेत्याच्या अभिप्रायांत एकूण टक्केवारीपेक्षा अलीकडच्या तक्रारी वाचाव्यात. ‘पॅकिंग वाईट’ ही तक्रार दोनदा दिसली तरी मी थांबेन, कारण बारीक भागांच्या मॉडेलसाठी तो दोष उशिरा पाठवण्यापेक्षा फार मोठा आहे.

बोली लावणे

बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर स्वयंचलित बोली असते. आपण कमाल आकडा देतो, आणि यंत्रणा इतरांना मागे टाकण्यापुरतीच बोली आपल्या वतीने वाढवत नेते. आपली कमाल १०० असेल, दुसऱ्याची ७० असेल आणि बोलीची पायरी ५ ची असेल, तर वस्तू ७५ ला मिळते. म्हणजे कमाल आकडा देणे म्हणजे तेवढे पैसे मोजणे नव्हे, आणि म्हणूनच तो आकडा खराखुरा असावा: त्याहून एक पायरी वर वस्तू गेली तर हळहळ वाटणार नाही असा. ईबेवर दोघांची कमाल सारखी निघाली तर आधी देणाऱ्याला वस्तू मिळते, म्हणून गोल आकड्याऐवजी १०० च्या जागी १०१.५० देण्याची पद्धत रूढ आहे. राखीव किंमत ठेवलेली असेल तर ती गाठली जाईपर्यंत सर्वांत वरची बोलीही विकत घेऊ शकत नाही.

लिलावाच्या पहिल्या दिवशीच छोट्या-छोट्या बोली लावत बसण्यात काहीच लाभ नाही; त्यातून इतरांना वस्तूकडे लक्ष द्यायचे निमित्त मिळते आणि आपल्यालाही त्या वस्तूवर मालकी जडल्यासारखे वाटू लागते. ठरलेला कमाल आकडा शेवटच्या काही सेकंदांत एकदाच द्यावा. त्यात लबाडी काही नाही. आकडा आधीच ठरलेला असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या बोलीने चिडून वर जाण्याचा धोका टळतो, आणि प्रतिस्पर्ध्यालाही फेरविचार करायला वेळ राहत नाही. काही लिलावांत मात्र अखेरच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते. कॅटाविकी या लिलावाच्या संकेतस्थळावर असेच होते, आणि तिथे शेवटच्या सेकंदाची युक्ती निरुपयोगी ठरते. उरते ते फक्त आपल्या कमाल आकड्यावर ठाम राहणे.

एकाच प्रकारच्या दोन वस्तूंवर एकाच वेळी बोली लावू नये, दोन्ही मिळू शकतात आणि बोली हा करार असतो. लिलाव हरल्यानंतर विक्रेत्याने ‘दुसरी संधी’ देऊ केली तर ती संकेतस्थळाच्या यंत्रणेतूनच आली आहे याची खात्री करावी. संकेतस्थळाबाहेर थेट पैसे पाठवण्याचा प्रस्ताव, कितीही सवलतीचा असला तरी, नाकारावा, कारण त्या क्षणी खरेदीदाराला मिळणारे सगळे संरक्षण संपते.

पार्सल आल्यानंतर

पैसे भरतानाच विक्रेत्याला पॅकिंगविषयी दोन ओळी लिहाव्यात: इंजिन त्याच्या खोक्यात हलणार नाही असे बसवावे, ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून चारही बाजूंना मऊ भरण घालावे, आणि टेंडर (वाफेच्या इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) व इंजिन एकमेकांवर आदळणार नाहीत असे वेगवेगळे गुंडाळावेत. पार्सल उघडताना चित्रीकरण करावे आणि भरण फेकण्यापूर्वी त्यात तुटलेले बारीक भाग चाळून पाहावेत.

इंजिन लगेच पूर्ण वेगाने पळवू नये. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनातले वंगण घट्ट गोंदासारखे झालेले असते, आणि त्यावर जोर दिला तर मोटर तापते. चाके हाताने फिरतात का ते पाहून (अनेक इंजिनांत वर्मगिअर म्हणजे मळसूत्री चक्र असल्यामुळे ती हाताने फिरत नाहीत, तिथे जोर लावू नये) चाकांचा मळ आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने काढावा, प्लॅस्टिकला न खाणारे हलके तेल आसांच्या टोकांना सुईने लावावे आणि कमीत कमी वेगावर दोन्ही दिशांना काही मिनिटे चालवावे. डीकोडर बसवलेला असेल तर पहिली चाचणी मुख्य मांडणीवर न घेता प्रोग्रॅमिंगच्या रुळावर (डीकोडरची सेटिंग बदलण्यासाठीच्या वेगळ्या तुकड्यावर) घ्यावी, तिथे वीज मर्यादित असल्यामुळे चूक महाग पडत नाही. जळका वास, ठिणग्यांचा सतत लखलखाट किंवा धूर दिसताच वीज बंद करावी.

वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर स्वतः उघडून दुरुस्त करण्याच्या आधी फोटो काढून विक्रेत्याला कळवावे. उघडलेले इंजिन परत घेण्यास तो नकार देऊ शकतो, आणि तक्रार नोंदवण्याची मुदतही ठरलेली असते. ईबेच्या हमीखाली ती साधारणपणे वस्तू मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. बरेचसे विक्रेते काही रक्कम परत देऊन वाद मिटवतात, आणि केवळ एखादी पायरी किंवा कपलर तुटला असेल तर तेच दोघांनाही सोयीचे असते. अभिप्राय या सगळ्यानंतरच नोंदवावा, आणि त्यात पॅकिंग कसे होते हे आवर्जून लिहावे, कारण पुढच्या खरेदीदाराला हीच माहिती इतर कुठून मिळत नाही.